मायसाठी घेतलेला कॅमेरा

तरवड फुलला की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना हे आता पाठ झालंय. बांधाबांधावर ती पिवळी फुलं दिसायला लागली, घटातलं धान वर आलं, की सून नातीला हळूच सांगते, "आजीच्या नादी लागू नको ह्या आठवड्यात." मला ऐकू येतं. कान अजून शाबूत आहेत माझे. पण ती खोटंही सांगत नाही.

नात पुण्याला शिकते. नवरात्रात परभणीला घरी येते आणि दिवसभर मोबाईल हातात धरून हिंडते. घटाचा फोटो, दिव्याचा फोटो, मांजराचा फोटो. साबुदाण्याच्या उसळीचासुद्धा फोटो काढते मेली, आणि तोवर उसळ गार झाली म्हणून नाक मुरडते. काल मला म्हणाली, "आजी, पणजीचा एखादा जुना फोटो दे ना. मी नीट करून मोठा करते." मी म्हटलं, नाही. म्हणाली, हरवला का? मी म्हटलं, नव्हताच कधी. तिला खरं वाटेना. एक अख्खं माणूस जगून गेलं आणि त्याचा एकही फोटो नाही, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. मी उठून आत गेले. चारचौघांत डोळे पुसायला मला आवडत नाही.

माझ्या मायचा फोटो नाही. तो असावा म्हणून माझ्या वडलांनी मात्र जिवाचा आटापिटा केला होता.

तेव्हा आमचा जिल्हा हैदराबाद राज्यात होता, आणि दिवाळीच्या सुमाराला तो मुंबई राज्यात जाणार अशी चर्चा पानाच्या टपरीपासून देवळाच्या पारापर्यंत चाललेली. वडलांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते शाळामास्तर. स्वतः उर्दूत शिकलेले, निजामी गेल्यावर मराठीतून शिकवायला लागलेले. गणित करताना आकडे उर्दूत पुटपुटायचे आणि फळ्यावर मराठीत मांडायचे. घरात आम्ही चौघं. अप्पा, माय, मी, आणि अप्पांची थोरली बहीण. ही आत्या पोखर्णीला दिलेली. लवकर कपाळ पांढरं झालं तशी आमच्याकडं आली ती आलीच. तोंडानं फाटकी, मनानं लोणी. माय पालमकडची. तिच्या बोलण्यात तिकडचा हेल होता, आणि हसली की आधी डोळे मिटायचे आणि मग हसू यायचं. हे मी ऋतुजाला, म्हणजे नातीला, कसं दाखवू?

त्या उन्हाळ्यात मायचा खोकला हटेना. डॉक्टरांनी अप्पांना ओसरीवर नेऊन काय ते सांगितलं. मी दाराआडून बघत होते. अप्पा नुसती मान हलवत होते, पोरानं न समजलेल्या गणिताला हलवावी तशी. आत आले आणि मायला म्हणाले, "काय न्हाई. हवापालट कर म्हणाले. माहूरला जाऊन येऊ. तुझा नवस बी राहिलाय." मायला माहूर बघायचं होतंच. तिला एवढा आनंद झाला की तिनं पुढचं काही विचारलंच नाही.

आत्याला मात्र अप्पांनी परसात गाठून सांगितलं. मी ऐकलं. "अक्का, तिचा एक बी फोटो न्हाई आपल्याकडं. लग्नातला सुदिक न्हाई. उद्या पोरीला काय दाखवू मी?" आत्यानं पदर तोंडाला लावला. मग रागानंच म्हणाली, "मग बलाव की त्या करीमला!"

पण तेच तर करता येत नव्हतं. करीममामूंचं फोटोचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला होतं. माणूस देवासारखा. पण गावात दुकानात जाऊन फोटो काढणारे थोडे, आणि कुणी शेवटच्या घटकेला आलं किंवा गेलं की मामूंना बोलावणारे फार. तिपाई सायकलला बांधून मामू एखाद्या गल्लीत शिरले की बाया दारात येऊन विचारायच्या, "कोण गेलं गं?" मढं भिंतीला टेकवून बसवून त्याचा फोटो काढायची तेव्हाची रीत होती, आणि पुष्कळ घरांत भिंतीवर माणसाचा तेवढाच एक फोटो असायचा. आजारी बाईपुढं मामूंना उभं करणं म्हणजे तुझी वेळ आली असं तोंडावर सांगणं. माय खुळी नव्हती. तिनं एका नजरेत ओळखलं असतं.

म्हणून अप्पांनी ठरवलं, कॅमेरा आपणच घ्यायचा. आणि तो असा पाहिजे की तो तिच्यासाठी घेतलाय हे तिला कळता कामा नये.

कॅमेरा बघायला त्यांनी मला सोबत नेलं. किती खेटे घातले असतील त्या दुकानात! मामू जुने कॅमेरे हैदराबादहून आणून विकायचेसुद्धा. एक होता चौकोनी पेटीचा, बाजरीच्या मापाएवढा. तो पोटावर धरून वरून खाली बघायचं. अप्पा म्हणाले, हा तर लांबूनच दिसेल. दुसरा सुरेख होता, पण त्याला तिपाई पाहिजे. तिपाई म्हटलं की अप्पांचा चेहरा उतरायचा. एक अगदीच लहान, पण त्यात फोटो निघायचा तो काडेपेटीएवढा. अप्पा म्हणाले, "त्यात तिचे डोळे कसे दिसणार?" एवढं बोलून ते उगीच खिडकीबाहेर बघायला लागले.

मामूंना खरी गोष्ट माहीत नव्हती. ते वैतागले. "मास्टरसाब, इत्ता क्या सोच रै? कॅमेरा लेने आए की लडकी देखने आए?"

अप्पा हसले. "लडकी तो कब की देख ली, मामू."

शेवटी मामूंनी कपाटातून एक काढला. मिटलेला असला की चष्म्याच्या मोठ्या घराएवढा, कोटाच्या खिशात जाईल असा. खटका दाबला की पुढची फळी पडायची आणि लोहाराच्या भात्यासारखा काळा भाता बाहेर यायचा, त्याच्या टोकाला काच. अप्पांनी तो खिशात घातला, काढला, परत घातला. कोटाचा खिसा किती फुगतो ते मला बघायला लावलं. मी म्हटलं, चष्मा ठेवल्यासारखा दिसतो. झालं, ठरलं. चामड्याची पिशवी नको म्हणाले, तिचं बक्कल वाजतं. ढग उठून दिसावेत म्हणून मामू एक पिवळी काच देत होते, तीही नको. ढग कुणाला पाहिजे होते? फिल्मच्या दोन गुंडाळ्या मात्र घेतल्या. एकीत आठ फोटो. एक गुंडाळी मामूंनी पडद्याआड अंधारात बसवून दिली आणि बजावलं, "इसका पेट उजाले में नै खोलना. एक बार उजाला अंदर गया तो सब खतम." अप्पा हो म्हणाले. मी ऐकलं, अप्पांनी ऐकलं. घरी कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. कॅमेऱ्याचं नाव जितकं कमी निघेल तितकं बरं, असा अप्पांचा हिशेब. आज वाटतं, इतकं जपायला नको होतं हो. पण ज्यानं जपलं त्याला मी काय बोल लावू?

गौरी-गणपती उरकले आणि पितृपक्ष लागायच्या आत आम्ही माहूरला निघालो. मायला अप्पांनी सांगितलं होतं, गडाचे, डोंगराचे फोटो काढायला कॅमेरा घेतलाय. मोटारीत आत्यानं अप्पांच्या खिशाकडं बघितलं आणि मायला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "ते डबडं माझ्यावर धरू नको, बाबू. आयुष्य ओढून घेतंय ते." माय म्हणाली, "असं का, वन्सं? मग माझ्यावर धरा. माझं लय उरलंय." सगळी मोटार हसली. अप्पा खिडकीकडं तोंड करून बसले.

गडावर चढायला आम्हाला किती वेळ लागला कुणास ठाऊक. माय दोन-चार पायऱ्या चढायची आणि बसायची. बसली की अप्पा म्हणायचे, "थांब, मागचा डोंगर घ्यायचाय." आणि डोंगराच्या नावाखाली तिचा फोटो काढायचे. आधी पावलांनी अंतर मोजायचे, मग त्या काचेभोवतीची कडी फिरवायचे, मग श्वास रोखायचे. माय सुरुवातीला पदर पुढं ओढायची. नंतर तिला गंमत वाटायला लागली. "डोंगर न्हाई काढायलात तुमी," ती म्हणाली, "मला काढायलात. म्या काय खुळी हाय का?" अप्पांचा हात थबकला. पण ती लाजून हसत होती. तिला वाटलं होतं नवऱ्याला हौस आलीय. नवऱ्यानं कधी नव्हे ती हौस केली म्हणून सुखावलेली ती बाई, देवाशपथ सांगते, मला आजही दिसते.

दर्शन झालं. तिथं देवीला कुटलेल्या विड्याचं तांबूल असतं, तोच प्रसाद. मायनं तो तोंडात घातला आणि पायरीवर येऊन बसली. आत्या मागून आली, मायच्या ओठाकडं बघितलं, आणि एकदम किंचाळली, "आगं बाई! रगत! बाबू, धाव रे!" अप्पा पांढरेफटक पडले. मायनं बोटानं ओठ पुसला, बोट बघितलं, आणि "वन्सं, इडा हाय वो, देवीचा इडा!" म्हणून जी हसायला लागली! डोळे गच्च मिटलेले, दात लाल, पदर खांद्यावर घसरलेला, वारा सुटलेला. अप्पांनी अंतर मोजलं नाही, काही नाही. खटका दाबला. आत्या पायरीवर बसून रडत होती आणि हसतही होती.

घरी आलो तेव्हा गुंडाळीत दोन फोटो उरले होते. अप्पा लगेच मामूंकडं निघाले, तर माय म्हणाली, "दोन वाया कशाला घालता? दसऱ्याला नवं लुगडं नेसते, तवा काढा. तुमी, म्या अन् पोरगी." स्वतःहून मागितलं तिनं! अप्पांना काय वाटलं असेल! त्यांनी कॅमेरा देवघराच्या फळीवर ठेवला, आणि घट बसले.

आता आमच्या घरची, म्हणजे माझ्या माहेरची, रीत सांगते. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची, अवजारांची पूजा असते हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण आमच्याकडं वस्तू मिटलेली ठेवत नाहीत. बंद वस्तूला पूजा पोचत नाही म्हणतात. अडकित्ता उघडा, कातरीचं तोंड उघडं, पेटीचं झाकण वर, कुलूपसुद्धा किल्ली फिरवून उघडं ठेवायचं. आतलं देवीला दिसलं पाहिजे. सासरी, अगदी माझ्या आजेसासूबाईंपर्यंत, कुणाकडं मी ही रीत बघितली नाही. ती आमचीच, पोखर्णीपालमकडच्या आमच्या चार घरांतली.

त्या सकाळी अप्पा आणि मी तरवडाची फुलं आणायला गावाबाहेर गेलो होतो. कारळं फुललं होतं, तूर गुडघाभर झालेली, अप्पा कधी नव्हे ते गुणगुणत होते. फुलांनी टोपली भरून घरी आलो. देवघरापुढं पाट मांडलेला. विळा, खुरपं, उलथनं, अप्पांची दौत, माझी पाटी. मधोमध कॅमेरा. मागची बाजू सताड उघडी. आत झेंडूचं फूल. दारातून ऊन सरळ त्याच्यावर पडलं होतं.

माय पाटाशी बसली होती. पूजेनं दमलेली, पण तोंड उजळलेलं. म्हणाली, "तुमच्या यंत्राला बी कुंकू लावलं. त्येचं मागचं कडं लवकर निघंना. आत ते कागदाचं गुंडाळं व्हतं, ते सुटलं हातातून. सगळं उलगडलं. मग पदरानं पुसलं अन् परत नीट गुंडाळून ठिवलं. माझे फोटू चांगले यावेत म्हणून देवीला म्हणलं."

माझ्या हातातली टोपली कलली. मी तोंड उघडणार तेवढ्यात अप्पांचा हात माझ्या खांद्यावर आला. घट्ट. ते पाटापुढं गेले, हात जोडले, वाकले. खूप वेळ वाकलेलेच होते. मग म्हणाले, "चांगलं केलंस."

मामूंकडं मी अप्पांबरोबर गेले होते. मामू पडद्याआडून बाहेर आले ते ओल्या पट्ट्या हातात घेऊन. काळ्याकुट्ट. एकाही पट्टीत काही नाही. "मास्टरसाब, किसने किया ये?" अप्पा म्हणाले, "देवीनं." मग त्यांनी मामूंना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मामूंनी पट्ट्या खाली ठेवल्या. मग ते कॅमेरा फडक्यानं पुसायला लागले, तर अप्पांनी त्यांचा हात धरला. "आतून पुसू नका. ऱ्हाऊ द्या." वाटेत मला एवढंच म्हणाले, "मायला कळता कामा नये हं, बाय. तिच्या हातानं झालंय."

घरी येऊन सांगितलं, लय झकास आलेत. मोठे करायला हैदराबादला पाठवलेत.

दिवाळी आली. जिल्हा मुंबई राज्यात गेला. शाळेवर झेंडावंदन झालं, पेढे वाटले. माय आता अंथरुणातच असायची. रोज विचारायची, "आलं का वो पार्सल?" अप्पा म्हणायचे, "हैदराबाद आता दुसऱ्या राज्यात गेलं. सरहद्दीवर अडकलंय सगळं." एकदा ती फणकारली, "राज्य बदललं म्हणून माझं तोंड बदललं का काय?" आत्यासुद्धा हसली त्या दिवशी. आत्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

दुसरी गुंडाळी होती की! अप्पांनी ती मामूंकडून बसवून आणली. मायच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "एक काढू का आता? अशीच, बसल्या बसल्या." मायनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "आता नगं. हे तोंड नगं. गालफाडं बसलीत. माहूरचे हायेत की, त्यात म्या चांगली हाय. तेच ऱ्हाऊ द्या पोरीला." खरं सांगावं तर सगळं खापर तिच्याच हातावर फुटणार. नाही सांगावं तर फोटो नाही. अप्पा कॅमेरा मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांनी परत विचारलं नाही.

हुरड्याचे दिवस आले. माय फारसं बोलत नव्हती. एक दिवस दुपारी तिनं अप्पांना जवळ बोलावलं. मी तिच्या पायांशी बसले होते. म्हणाली, "पार्सल काय माझ्या हातात यायचं न्हाई. तुमी करीममामूकडं बघितलेत ना फोटू? सांगा बरं मला. कशी दिसती म्या?"

आणि अप्पांनी सांगितलं. एकेक करून सगळे. पहिल्या पायरीवर पदर पुढं ओढलेली, नुसतं नाक दिसतंय. पुढच्यात मागं डोंगर, हातात नारळ. मग एकात मी कडेला आलेय, माझी वेणी सुटलेली. शेवटी विड्याचा. "डोळे मिटलेले हायेत," अप्पा म्हणाले, "वारा सुटलाय. अक्का मागं रडायलीय. अन् तू अशी हसायलीस, अशी हसायलीस, की मामू म्हणाले, मास्टरसाब, असा फोटो मी जन्मात बघितला न्हाई."

"लाल दिसतंय का वो त्यात? इड्याचं?"

"लाल दिसत न्हाई. पण कळतंय."

मायनं डोळे मिटले आणि मग हसली. तिच्या त्याच रीतीनं. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

मामू आले होते तेव्हा, पण तिपाई न घेता. चालत आले आणि ओसरीवर बसून राहिले. लोकांनी विचारलं, शेवटचा फोटो काढायचा नाही का? अप्पा नाही म्हणाले. आत्या कितीतरी वर्षं त्यांना टोचत राहिली, "म्हणलं व्हतं, आयुष्य ओढून घेतंय ते डबडं. ओढलं ना?" ज्यात काहीच आलं नाही त्यानं काय ओढलं असेल? अप्पा एकदाही उलटून बोलले नाहीत. मला आत्याचा इतका राग यायचा, आणि ती गेली तेव्हा मी तिच्यासाठी धाय मोकलून रडले. माणसाचं असंच असतं.

अप्पा गेल्यावर कॅमेरा माझ्याकडं आला, मायच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. दरवर्षी खंडेनवमीला मी तो पाटावर उघडा ठेवते. आजही ठेवला. भाता जागोजाग चिरलाय, मागचं कडं तसंच अडतं. ऋतुजा शेजारी येऊन बसली. तिनं तिचा मोबाईल पाटावर ठेवला, मी त्याला हळदकुंकू लावलं. सुरीला लावलं, कातरीला लावलं, मिक्सरचं झाकण काढून त्यालाही लावलं. कॅमेऱ्यापाशी आले आणि त्याला वगळून हात पुढच्या वस्तूकडं गेला.

"आजी, याला नाही लावलंस," ऋतुजा म्हणाली.

मी तिला जवळ ओढलं आणि आतलं दाखवलं. मागच्या काळ्या पत्र्यावर ओल्या कुंकवाचा एक ठसा आहे, फिका तपकिरी पडलेला. वाकून बघितलं की बोटाच्या रेषा दिसतात. पोरगी बघतच राहिली. हात मोबाईलकडं गेला नाही तिचा.

मी म्हटलं, "याला लावायचं नसतं, बाय. याला मायनं लावलंय."